दोराआधी माणूस

फार जुनी गोष्ट आहे. त्या काळचे राजे आता कुणाच्या स्मरणात नाहीत, आणि ते कशासाठी लढले तेही कुणाला सांगता येत नाही. पण त्यांच्या लढाईने मोडलेल्या दोन गावांत पुढे जे घडलं, ते अजून सांगितलं जातं. लहानांनी ऐकावं, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावं.

डोंगरांच्या एका मुलखात एक खोल घळ होती. घळीच्या या कड्यावर ऐलवाडी, त्या कड्यावर पैलवाडी. दोन्ही कडे उभे, तासल्यासारखे. खाली नदी अशी गर्जत असे की इकडून मारलेली हाक तिकडे पोचत नसे. माणूस मात्र दिसे. अंबाडीच्या दोरांचा एक झुलता पूल दोन्ही गावांना जोडत होता. ऐलवाडीच्या लेकी पैलवाडीत नांदत, आणि पैलवाडीचा मध ऐलवाडीच्या बाजारात विकला जाई.

ऐलवाडीत तुळाजी नावाचा मुलगा होता. तो सतरा वर्षांचा झाला आणि दोन राजांत युद्ध पेटलं. सैनिक गावोगाव फिरून तरुण पोरं ओढून नेऊ लागले. तुळाजीच्या बापाने त्याला मिठाच्या तांड्याबरोबर दूर समुद्राकडे लावून दिलं. त्याची थोरली बहीण चांगुणा तेव्हा पैलवाडीत नांदत होती. निघताना तिची भेट झाली नाही. तिने पलीकडच्या कड्यावरून हात हलवला, तेवढाच निरोप.

समुद्रापलीकडच्या एका बंदरात तुळाजीने पाच वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या. तिथे त्याला दिसलं की गलबतांचे दोर खाऱ्या पाण्याने वर्षभरात कुजतात. त्याला आपल्या आईची रीत आठवली. अंबाडी किती दिवस भिजत घालायची, तिच्या सालीचा वाख म्हणजे धागा कसा काढायचा, एक पीळ उजवा आणि त्यावरचा डावा कसा घालायचा, हे त्याने लहानपणी पाहिलं होतं. त्याने तसा दोर वळला. तो तीन वर्षं टिकला. मग दुसरा, मग शंभरावा. पुढच्या काही वर्षांत त्याचे दोर वळण्याचे कारखाने उभे राहिले, हजारावर माणसं त्याच्याकडे कामाला लागली. त्या समुद्रावरचे तांडेल शीड उभारण्यापूर्वी विचारत, दोर तुळाजीचा आहे ना?

चौदा वर्षांनी बातमी आली की युद्ध संपलं. कोण जिंकलं, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तुळाजीचे आईबाप गेल्याचं त्याला कळलं होतं. बहिणीचं काही कळलं नव्हतं.

बंदरातले लोक त्याला म्हणाले की धन पाठवून दे, तू कशाला जातोस, तिथे आता दगडावर दगड उरला नसेल. तुळाजीने फार विचार केला नाही. त्याने कारखाने जाणत्या कारागिरांच्या हाती सोपवले, साठ खेचरांवर दोर, हत्यारं आणि बियाणं लादलं, चाळीस माणसं बरोबर घेतली आणि डोंगराची वाट धरली.

ऐलवाडी त्याला ओळखू आली नाही. घरांना छपरं नव्हती. अर्ध्या घरांना भिंतीही नव्हत्या. पण एक गोष्ट पाहून तो वाटेतच थांबला. छप्पर नसलेल्या त्या घरांपुढची अंगणं सारवलेली होती. रोज सारवत असावेत. ज्या घरात निजायला जागा नाही, त्या घराचं अंगण लोकांनी चौदा वर्षं मोडू दिलं नव्हतं. तुळाजीने पायातल्या वहाणा काढल्या आणि तिथून पुढे तो अनवाणी गावात शिरला.

पहिल्या वर्षी त्याने पुष्कळ केलं. डोंगरउतारावर पुन्हा अंबाडी पेरली. माळावर दोर वळण्याचा लांबलचक मांडव घातला. बायका वाख काढू लागल्या, पुरुष पीळ घालू लागले. दोर समुद्राकडे जाऊ लागले, धान्य आणि लाकूड गावात येऊ लागलं. वर्षाअखेर प्रत्येक घरावर छप्पर होतं. गावाने त्याला डोक्यावर घेतलं.

दोन गोष्टी मात्र त्याला खटकत होत्या. एक म्हणजे, नव्या घरांचं एकही दार घळीकडे नव्हतं. सगळ्या घरांनी पैलवाडीकडे पाठ केली होती. आणि दुसरी म्हणजे, पूल नव्हता.

त्याने आल्या आल्याच पुलाचं विचारलं होतं. गावच्या पाटलांनी सांगितलं की शत्रूने तो जाळला, आणि पलीकडचा घाटही जाताना दगडांनी बुजवून टाकला. म्हणजे पैलवाडीला आता कुठूनच वाट नव्हती. तरी तिथे माणसं होती. कधी धूर दिसे, कधी कड्याजवळ कुणी चालताना दिसे. तुळाजी तासन् तास त्या आकृत्यांकडे बघत बसे. इतक्या दुरून बहीण ओळखता येत नव्हती.

दुसऱ्या वर्षी त्याने पाटलांना सांगितलं, आता पूल बांधू. पाटील म्हणाले, आधी गिरणी बांधू. गिरणी झाली. मग म्हणाले, आधी धर्मशाळा. तुळाजीने धर्मशाळा बांधली नाही. त्याने कड्यावर दोन खांब रोवले.

घळीवरून दोर न्यायचा तर आधी सुतळी न्यावी लागते. बाणाला सुतळी बांधून तो पलीकडे सोडायचा, तिकडच्यांनी ती ओढून घ्यायची, मग तिच्या मागून जाड दोरी, मग त्याहून जाड दोर. तुळाजीने बाण सोडला. पलीकडे लोक जमले. त्यांनी सुतळी हातात घेतली, बराच वेळ धरली आणि कापून टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याने बारीक दोरी पाठवली आणि तिच्यावरून धान्याची एक पिशवी सरकवली. पैलवाडीची माणसं वाळलेल्या काटक्यांसारखी दिसत होती. त्यांनी पिशवी उतरवली, उघडून पाहिली, पुन्हा बांधली आणि जशीच्या तशी परत पाठवली. एक दाणाही कमी नव्हता. मग त्यांनी ती दोरीही कापली.

तिसऱ्या दिवशी तुळाजीने पुन्हा दोरी पाठवली आणि आपलं मुंडासं सोडून तिला बांधलं. त्याच्या बापाचं मुंडासं होतं ते, तांबडं, काळ्या काठाचं. पलीकडून एक बाई पुढे आली. तिने मुंडासं सोडवलं, तोंडाला लावलं आणि तिथेच खाली बसली. तुळाजीने ओळखलं. त्याची अक्का जिवंत होती.

थोड्या वेळाने तिने दोरीला काहीतरी बांधून परत पाठवलं. तो एका जुन्या दोराचा हातभर तुकडा होता.

दोर कशाने तुटला हे तुळाजीला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. जळालेल्या दोराचं टोक काळं आणि ठिसूळ होतं. झिजलेल्या दोराचे धागे केसांसारखे सुटतात. या टोकाला दोन्हींतलं काही नव्हतं. ते एका बाजूने तिरकं, स्वच्छ कापलेलं होतं, धारदार कोयत्याच्या तीन घावांत. आणि पूल पलीकडच्या खांबांना लटकत राहिला असेल, तरच हे टोक त्यांच्याकडे उरणार. म्हणजे घाव अलीकडे बसला होता.

तो तुकडा घेऊन तुळाजी पाटलांकडे गेला. त्याने तो त्यांच्यापुढे ठेवला. पाटील त्याच्याकडे बघू शकले नाहीत. ते म्हणाले की गाव आत्ता कुठे उभं राहतंय, जुनी जखम उकरू नकोस, तुला जे हवं ते दुसरं काहीही बांध.

तुळाजी मांडवात परतला आणि त्याने आपल्या माणसांना खेचरांवर सामान लादायला सांगितलं. ज्या गावाने त्याच्या बहिणीला मरणाच्या दारात सोडलं आणि वर त्याच्याकडून छपरं घालून घेतली, त्या गावात त्याला आणखी एक दिवसही राहायचं नव्हतं.

सामान अर्धं लादून झालं होतं, तेव्हा गिरजाई आली. सत्तरीची ही बाई पूर्वी पुलाची राखणदार होती. तिचा नवरा आणि सासरा राखणदार होते, त्यांच्यामागे ती. गेली आठ वर्षं ती गावाच्या टोकाला एकटी राहत होती आणि कुणाशी फारसं बोलत नव्हती. तिने तुळाजीला सगळं सांगितलं.

युद्धाच्या आठव्या वर्षी शत्रूचं सैन्य घाट चढून पैलवाडीवर आलं. पैलवाडीची माणसं पुलाकडे धावत सुटली. त्यांच्या पाठीवर सैन्य होतं. ऐलवाडीच्या गुहेत तेव्हा दहा गावांची सव्वाशे लेकरं लपवून ठेवली होती. पूल राहिला असता तर सैन्य तासाभरात त्यांच्यापर्यंत पोचलं असतं. गाव कड्यावर उभं होतं. पाटील म्हणाले, तोडा. बाकी कुणी नको म्हटलं नाही. कोयता राखणदाराकडे असतो.

"धावत येणारे मला दिसत होते," गिरजाई म्हणाली. "चालीवरून एकेक जण ओळखू येत होता. मी तीन घाव घातले."

लेकरं वाचली. पैलवाडीचे निम्मे लोक मारले गेले, उरलेले रानात पळाले. सैन्य गेल्यावर ते परतले. पण ऐलवाडीचं कुणी त्यानंतर कड्यावर गेलं नाही. आधी शरमेने, मग सवयीने. पूल शत्रूने जाळला असं कुणीतरी एकदा म्हणालं आणि सगळ्यांनी तेच धरून ठेवलं.

एवढ्या वेळात तुळाजीचा राग गेला नव्हता, पण तो कुणावर काढायचा ते आता त्याला कळेना.

"तुला जायचं तर जा बाबा," गिरजाई म्हणाली. "पण जाण्याआधी एवढं कर. तुझ्याकडे चांगला दोर आहे. मला घळीत खाली सोड."

त्याने तिला विचारलं की खाली जाऊन काय करणार, वर कशी येणार, पलीकडच्यांनी दगड टाकले तर? तिने पदर खोचला आणि ती कड्याकडे चालू लागली.

तुळाजीने खेचरं तशीच उभी ठेवली. त्याने चार दोरांचा पाळणा केला, खांबाला कप्पी बांधली आणि सत्तर वर्षांच्या त्या बाईला आपल्या हातांनी उभ्या कड्यावरून खाली सोडलं. समुद्रावर त्याच्या दोरांनी केवढी तरी गलबतं वादळात धरून ठेवली होती. पण त्या दिवशी त्याच्या हाताला जो भार लागला, तसा त्याला कधी लागला नव्हता.

गिरजाई खाली उतरली. हिवाळ्यात नदी दगडांमधून वाहत असते. ती एकेका दगडावर पाय ठेवत पलीकडे गेली, पैलवाडीच्या कड्याच्या पायथ्याशी एक सपाट खडक होता त्यावर बसली आणि मान वर करून बघत राहिली. वर पैलवाडीचे लोक जमले. त्यांनी खाली पाहिलं. कुणी दगड टाकला नाही आणि दोरही टाकला नाही.

एक दिवस गेला. गिरजाई बसून होती.

ऐलवाडीत ही गोष्ट पसरली. आठ वर्षांत पहिल्यांदाच लोक कड्यावर आले. खाली ती मुठीएवढी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील तुळाजीपाशी आले. त्यांनी पागोटं काढून कड्यावर ठेवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मलाही सोड. कोयता तिच्या हातात होता, तोंड माझं होतं."

तुळाजीने त्यांना सोडलं. ते नदी ओलांडून गिरजाईच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्यामागून गावचा लोहार उतरला. त्या दिवशी आपण तिथे होतो आणि गप्प राहिलो, असं तो पाळण्यात बसताना म्हणाला. मग दोन भाऊ उतरले. मग एक बाई, तिच्यामागून तिची सासू. सूर्य डोक्यावर आला, मग कलला. तुळाजी आणि त्याची माणसं कप्पीवर दोर सोडत होती, रिकामा पाळणा वर ओढत होती, पुन्हा सोडत होती. दोराने हात सोलून निघाले. कुणालाही कुणी बोलावलं नव्हतं. आज्ञा नव्हती. माणसं नुसती रांगेत येऊन उभी राहत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मी ऐलवाडी घळीच्या तळाशी बसलेली होती, माना वर करून.

तुळाजीने बंदरात मोठमोठे राजवाडे पाहिले होते, समुद्रात डोंगराएवढ्या लाटा पाहिल्या होत्या. पण वरून ते दृश्य बघताना त्याच्या अंगावर जो काटा आला, तो पूर्वी कधी आला नव्हता. त्याने साठ खेचरांवर सामान आणलं होतं. हे त्यातल्या कशानेच झालं नव्हतं.

तेव्हा पैलवाडीच्या कड्यावरून एक दोर खाली आला. त्या दोरावरून चांगुणा उतरली.

तो दोर पुढे तुळाजीने हातात घेऊन पाहिला. पुलाचाच दोर होता, पण अंबाडीचा दोर आठ वर्षांचा पाऊस सोसत नाही. पैलवाडीच्या लोकांनी तो दर वर्षी उघडून, कुजलेला पेड काढून त्याच्या जागी झाडाच्या सालीचा पेड वळून घातला होता. आता त्यात जुनं काहीच उरलं नव्हतं. उपाशी माणसांनी तो आठ वर्षं जपला होता. तुळाजीने कशासाठी म्हणून विचारलं, तेव्हा बहीण म्हणाली, "उद्या कुणी विचारपूस करायला खाली आलंच, तर त्याला वर घ्यायला दोर नको का?"

पण हे नंतरचं. त्या दुपारी चांगुणा गिरजाईसमोर उभी राहिली. गिरजाई उठली. तिने हात जोडले नाहीत, रडली नाही. ती म्हणाली, "पूल मी तोडला. तुम्ही येताना दिसत होता, तरी तोडला."

"आम्हाला ठाऊक होतं," चांगुणा म्हणाली. "आमच्या हातात कोयता असता आणि पाठीशी सव्वाशे लेकरं असती, तर आम्हीही तोडला असता. त्याचा राग पहिल्या वर्षीच सरला. पण नंतर तुमच्यातलं कुणी कड्यावर येऊन आमच्याकडे नुसतं बघितलंसुद्धा नाही, ते सोसवलं नाही. आधी सुतळी आली, मग धान्य आलं. आम्ही माणसाची वाट बघत होतो."

मग तिने गिरजाईचा हात धरला आणि तिला दोरापाशी नेलं. गिरजाई पहिली वर गेली.

त्यानंतर सोडलेली सुतळी कुणी कापली नाही. चार महिने दोन्ही कड्यांवर दोर वळले गेले. पैलवाडीचे लोक सालीचा पीळ घालत, ऐलवाडीचे अंबाडीचा. तुळाजीने खेचरांवरचं सामान केव्हाच उतरवलं होतं.

पूल तयार झाला, तेव्हा त्यावरून पहिलं कुणी जायचं असा प्रश्न निघाला. सगळ्यांनी तुळाजीकडे पाहिलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं आणि गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या तरुण मुलामुलींना पुढे बोलावलं. पूल तुटला त्या दिवशी गुहेत लपलेली लेकरं होती ती. आता कुणाला मिसरूड फुटलं होतं, कुणाच्या कडेवर मूल होतं. काही जण त्या दहा गावांतून चालत आले होते. आपण कुणाच्या जिवावर वाचलो, हे त्यांना त्याच हिवाळ्यात पहिल्यांदा कळलं होतं.

ती एकामागून एक पुलावरून गेली. पूल हलत होता, खाली नदी गर्जत होती. पलीकडे पैलवाडीची उरलेली माणसं ओळीने उभी होती. प्रत्येक जण त्यांच्यापुढे थांबे, त्यांच्या पायांवर डोकं ठेवी आणि आपलं नाव सांगे. पैलवाडीचे म्हातारे ते नाव एकदा स्वतःशी म्हणत. सव्वाशे नावं त्या दिवशी तशी घेतली गेली. शेवटचं नाव होईतो कुणी जागचं हललं नाही.

तुळाजी परत समुद्राकडे राहायला गेला नाही. पुढच्या दहा वर्षांत बुजलेला घाट मोकळा झाला, दोन्ही वाड्यांचे दोर सात बंदरांत जाऊ लागले, आणि त्या मुलखातली मोडलेली गावं एकेक करून पुन्हा वसली. त्या गावांची माणसं आधी ऐलवाडीला येत आणि तुळाजीला विचारत की गाव उभं करायचं तर सुरुवात कशाने करावी. ते लाकूड, दगड, चुना यांविषयी ऐकायला आलेले असत. तुळाजी त्यांना बसवून घेई, पाणी देई आणि आधी विचारी, "तुमच्या गावात कुणाची वाट बघणारं कुणी आहे का? आधी तिथे जाऊन या."

म्हणून जाणती माणसं सांगतात: धनाने घरं पुन्हा उभी राहतात, पण आपली चूक आपल्या तोंडाने कबूल केल्याशिवाय मोडलेलं गाव जोडलं जात नाही.